ताईच्या नावावर

"तुमच्या कचेरीत पंख्याखाली बसणाऱ्या माणसाला फोड म्हणजे काय ते माहीत नाही, म्हणून आमच्या जळालेल्या हाताची फाईल तुम्ही तीन आठवडे उशाला घेऊन झोपला आहात. तुम्ही चोर आहात असं आम्ही म्हणत नाही. चोर निदान जागा असतो."

एवढं लिहून ताईने पेन बाजूला ठेवलं, कागद हातभर लांब धरला आणि शेवटचं वाक्य पुन्हा एकदा ओठांतल्या ओठांत वाचलं. जमलं होतं. आयुष्यभर तिने अशी पत्रं लिहिली होती. कचेऱ्यांना, कंपन्यांना, पालिकेला, एकदा तर थेट मंत्र्याला. शाळा चौथीतच सुटली होती, पण समोरच्याला कुठे झोंबेल ते तिला नेमकं कळायचं. ऐन उमेदीत लॉन्ड्रीतल्या लोकांनी तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं. आता केस पांढरे झाले होते, नुसती ताई उरली होती, तरी पत्र लिहिताना मान अजून तशीच ताठ व्हायची.

"घे, वाच," तिने कागद टेबलावरून पलीकडे सरकवला.

सेक्रेटरीने दोरीला लटकणारा चष्मा नाकावर चढवला. तो पूर्वी याच लॉन्ड्रीत बॉयलर सांभाळायचा. एकोणीस वर्षं झाली, खुर्ची सांभाळत होता. 'चोर निदान जागा असतो'पाशी आला तेव्हा त्याचं पोट हललं. मग हळूहळू हसू ओसरलं.

"हे नाही पाठवता येणार."

"का? शिवी कुठाय त्यात?"

"शिवी नाही, अक्षर आहे. ताई, कागदोपत्री हात भाजलाय तुमचा. उजवा. मग हे मोत्यासारखं अक्षर काय पायाने काढलंत?"

ताईने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याला शाईचा डाग होता. बाकी हात धडधाकट होता.

हा हात कागदावर कसा भाजला, ते सांगायलाच हवं.

सव्वीस वर्षांपूर्वी एका सकाळी या लॉन्ड्रीचा मालक फाटकाला कुलूप लावून नाहीसा झाला. आत दवाखान्याच्या चारशे चादरी भिजत पडल्या होत्या. चौदा कामगार दोन दिवस फाटकाबाहेर बसले, तिसऱ्या दिवशी ठिणगीने कुलूप फोडलं. चादरी धुतल्या, वाळवल्या, इस्त्री केल्या आणि वेळेत पोचवल्या. तेव्हापासून लॉन्ड्री चौदा जणांची. मालक हा शब्दच तिथे बंद झाला. चुकून कोणाच्या तोंडून निघाला तर त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

दुसरा नियम रोलरचा. रोलर म्हणजे माणसापेक्षा लांब, धगधगीत तापलेलं लोखंडी लाटणं. एकीकडून ओली चादर आत घालायची, दुसरीकडून कडक कोरडी बाहेर येते. धग थेट तोंडावर येते. मालकाच्या काळात एकच बाई तिथे दिवसभर उभी असायची. ताईची सख्खी जाऊ तिथेच कोसळली होती, आणि शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल तर, माझी जागा गेली का? त्या जावेची शपथ घेऊन ताईने नियम केला. रोलरवर कोणीही दोन तासांच्या वर उभं राहायचं नाही आणि पाळी सगळ्यांची. सेक्रेटरीचीसुद्धा. त्यासाठी रोलरच्या वरच्या भिंतीला लाकडी फळा टांगला. चौदा नावं, प्रत्येकापुढे त्याचा वार आणि वेळ.

पुढे माणसं पिकली. कोणाचे गुडघे गेले, कोणाचा दम. काम मात्र तिप्पट झालं. मदतीला बाहेरच्या बायका घ्याव्या लागल्या. पण फळ्यावर फक्त सभासदाचंच नाव लागेल, असं लॉन्ड्रीच्या घटनेत लिहिलेलं होतं, आणि घटना ताईनेच लिहिलेली. मग वाट निघाली. बाई रोलरवर उभी राहायची ती कोणातरी सभासदाच्या नावावर. सकाळी एकमेकींना भेटल्या की बायका विचारायच्या, आज तू कोणाच्या नावावर? मी काकांच्या. मी दुपारी ताईंच्या. फळा स्वच्छ राहिला. चौदा नावं, दोन-दोन तास, कुठे खाडाखोड नाही. चौदा माणसं मशीनला हात न लावता कष्टकरी म्हणून मिरवत राहिली आणि त्यात कोणाला काही खटकलं नाही.

या बाहेरच्या बायकांमध्ये एक होती, तिला सगळे नवी म्हणत. सात वर्षांपूर्वी आली तेव्हा खरंच नवी होती. तिच्यानंतर चार जणी आल्या, त्यांना आपापली नावं मिळाली. ही मात्र नवीच राहिली. सभासद करून घ्या म्हणून तिने दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा ताईच बोलली होती. "आधी तिला तयार होऊ द्या. भागीदारी म्हणजे जबाबदारी, नुसता वाटा नव्हे." टाळ्या पडल्या होत्या. पंधरावा आला की प्रत्येकाचा वाटा आकसतो, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात होतं आणि एकाच्याही तोंडात नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी नवी ताईच्या नावावर रोलरला उभी होती. ताई दुसऱ्या गावी कामगारांच्या मेळाव्यात कंत्राटी माणसांच्या पिळवणुकीवर बोलायला गेली होती. इकडे म्हणे चादरीचा काठ दुमडला, नवीने तो सरळ करायला हात पुढे केला आणि चार बोटं चादरीबरोबर आत गेली. सेक्रेटरीने तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, नाव? सेक्रेटरी ताईचं नाव सांगून मोकळा झाला. त्यात डाव नव्हता. सवय होती. खिशात विम्याचं कार्डही ताईचंच होतं, कारण कार्डं फक्त चौदा होती.

तिथून पुढे प्रत्येक कागदावर ताईचा हात भाजत गेला.

"आणि पत्राची गरजही नाही उरली," सेक्रेटरी म्हणाला. "मघाशीच निरोप आला. विमावाल्यांचं माणूस बारा वाजता येतंय, तुम्हाला बघायला."

"मला?"

"ज्याचा हात त्यालाच बघणार ना."

ताई उठून काचेशी गेली. काचेपलीकडे लॉन्ड्री दिसत होती. वाफ, कपड्यांच्या गाड्या, रोलरवर उभी असलेली कुठलीशी पाठ.

"मी खरं सांगून टाकते. माझ्याच्याने हे नाटक व्हायचं नाही."

"सांगा की." सेक्रेटरीने चष्मा काढून लोंबता सोडला. "मग कार्ड बंद. तिच्या दोन बोटांचं ऑपरेशन व्हायचंय, ते या मंजुरीवर अडलंय. नाही झालं तर बोटं वाकडी ती वाकडीच. मग तुम्ही दुसरा फॉर्म मागा. तोही आहे त्यांच्याकडे. नोकरीवरच्या माणसाला इजा झाली तर भरायचा. त्यात एक रकाना आहे. मालकाचं नाव. खाली सही. उपचार सगळा मालकाकडून वसूल. तिथे सही कोण करणार? तुम्ही?"

ताईने काचेवरची वाफ बोटाने पुसली.

"आणि मोठ्या दवाखान्याचं काम आपल्याला कशावर मिळालंय? इथे कोणी नोकर नाही, सगळे भागीदार, यावर. ते लिहून दिलंय आपण. चौदा घरं त्या कामावर उभी आहेत, ताई. माझंही. तुमचंही."

"पाचशे वेळा चौदा म्हणतोयस," ताई म्हणाली. "मोजता येतं मला."

पण आवाजातली धार गेली होती. आदल्याच संध्याकाळी जेवताना तिने मुलाला हे सांगितलं होतं. मुलगा एका खाजगी कंपनीत गोदाम बघतो. आईच्या भाषणांवर वाढलेला आणि त्यांना विटलेला. सगळं ऐकून त्याने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "आई, तुमच्यापेक्षा आमचा मालक बरा. शिव्या घालायच्या तर कोणाला घालायच्या, ते तरी कळतं." सुनेने त्याला डोळ्यांनी दटावलं होतं. ताई ताटावरून उठली नाही, पण पुढचा घास खाल्लाही नाही.

दारावर टकटक झाली. नवी आत आली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पट्टीत, गळ्यातल्या झोळीत अडकवलेला. डाव्या हातात कापसाचं पुडकं आणि पट्टीचे दोन गुंडाळे.

"या काकांनी बोलावलं म्हणून आले. पट्टी बांधायचीय म्हणे कोणाला."

"तू घरी पडून राहायचं सोडून इथे काय करतेस?" ताई म्हणाली.

"घरी पडून राहायला मला कोणाचं नाव मिळालं नाही अजून." नवीने पुडकं टेबलावर ठेवलं. "बसा. बाही वर करा. काका, तुम्ही तेवढं टोक धरा, मला एकच हात आहे."

ताई बसली. बाही वर करताना तिला कुठे बघावं कळेना. नवी सफाईदारपणे काम करत होती. तीन आठवडे रोज स्वतःची पट्टी बदलून घेताना तिने बघून ठेवलं होतं. आधी कापूस, मग बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे मधे घड्या, मग तिरका वेढा. सेक्रेटरी एका गुडघ्यावर बसून टोक धरून होता.

"हात सैल सोडा, ताई. भाजलेला माणूस मूठ आवळत नाही."

ताईने मूठ सोडली.

"आणि वाकवू नका. बोट वाकत नाही, तोच तर सगळा त्रास आहे. चमचा धरता येत नाही. केस विंचरता येत नाहीत. आमची धाकटी विंचरते माझे, आईसारखी ओरडत, हलू नको म्हणून." ती हसली. "विमावाल्यांनी विचारलं तर हे सांगा. चमचा सांगा. खरं वाटतं."

"नवे," ताई हळूच म्हणाली. "मी खरं सांगितलं तर? लॉन्ड्री तुझा खर्च करील. मी बघते ना कशी करत नाही ते."

नवीने वेढा घेता घेता वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर ताईला सोपं गेलं असतं. रागावलेल्या बायकांशी कसं बोलायचं, ते तिला सव्वीस वर्षांपासून येत होतं.

"लॉन्ड्री म्हणजे कोण?"

"म्हणजे आम्ही. सगळे."

"सगळ्यांनी माझा अर्ज दोनदा वाचलाय, ताई." तिने दातांनी पट्टी फाडली. "तुम्हाला खरं बोलायची हौस असेल ना, तर माझं ऑपरेशन झाल्यावर बोला. तोवर माझा हात तुमचा. नीट सांभाळा."

सेक्रेटरी घाईघाईने खोकला आणि गाठ मारायला वाकला.

बाराला पाच कमी असताना विम्याची बाई आली. बाई कसली, तिशीही न ओलांडलेली मुलगी. पाठीला पिशवी, हातात कागद अडकवलेली पाटी, एका चपलेचा पट्टा दोऱ्याने शिवलेला. ऑफिसात उकाडा होता म्हणून तिनेच म्हटलं, मशीनजवळ बसू, जागाही बघायची आहे. सगळे बाहेर आले. रोलर बंद केला होता, तरी धग सोडत होता. ताईला खुर्ची दिली. नवी चार पावलांवर घडी घालायच्या टेबलाशी पाठमोरी उभी राहिली. झोळी तिने काढून ठेवली होती आणि उजवा हात चादरींच्या ढिगाआड घातला होता. डाव्या हाताने ती उशीच्या अभ्र्याची एकच घडी पुन्हा पुन्हा घालत होती.

"पट्टी सोडायची नाही, मावशी, घाबरू नका," मुलगी म्हणाली. "मलाच बघवत नाही. एक फोटो घेते फक्त." तिने फोटो घेतला. "माझंही काही कायमचं नाही हो इथे. अकरा महिन्यांचा करार. एक केस चुकली की बारावा महिना घरी. म्हणून सगळं विचारते, वाईट वाटून घेऊ नका."

"विचार की," ताई म्हणाली.

"दुखतंय?"

"चमचा धरता येत नाही," ताई म्हणाली. नवीकडे न बघता म्हणाली.

मुलीने लिहून घेतलं. सेक्रेटरीच्या खांद्यावरचा ताण थोडा उतरला. पुढचे प्रश्न सोपे होते. किती वर्षं काम करता? सव्वीस, आधीची धरून तीस. मशीन चालू होतं? हो. आणखी कोणी भागीदार जवळ होते? हे सेक्रेटरी, पलीकडे बॉयलरजवळ. ताई बोलत गेली. बोलता बोलता तिला एक भयंकर गोष्ट लक्षात आली. जड जात नव्हतं. शब्द आपोआप येत होते, भाषणात येतात तसे.

"पाळी कितीला सुरू झाली तुमची?"

"दोनला." ते फळ्यावरच होतं.

"आणि भाजलं पावणेतीनला." मुलीने दवाखान्याचा कागद चाळला. "म्हणजे पाऊण तास उभ्या होतात."

"पाऊण तास," ताई म्हणाली. आणि जुन्या अभिमानाने, न विचारताच पुढे म्हणाली, "आमच्याकडे दोन तासांच्या वर कोणी उभं राहूच शकत नाही. पहिल्या दिवसापासून नियम आहे."

घडीच्या टेबलाकडून एक आवाज आला. हसू होतं ते. बारीक, नाकातून सुटलेलं, लगेच गिळलेलं. नवीने वळून पाहिलं नाही. अभ्र्याची घडी तेवढी मोडली.

मुलीलाही ऐकू आलं असावं, पण ती कागदातच अडकली होती. "एक अडचण आहे, मावशी. डॉक्टरांनी लिहिलंय, चक्कर आली म्हणून तोल जाऊन हात आत गेला. आता पाऊण तासात चक्कर कशी येईल? आमचे साहेब हेच विचारणार. काही जुना आजार आहे का? साखर, रक्तदाब? असेल तर तसं लिहावं लागेल, आणि मग मंजुरी होत नाही."

चक्कर. ताईला कोणी चक्कर सांगितली नव्हती. काठ दुमडला होता, असंच सांगितलं होतं.

"वय झालंय हो त्यांचं," सेक्रेटरी चटकन मधे पडला. "त्या दिवशी सकाळपासून जेवल्याही नव्हत्या."

"का नव्हत्या?"

"कामाची गडबड. मोठी ऑर्डर होती."

"पाळी तर दोनला सुरू झाली म्हणताय."

सेक्रेटरीने चष्मा नाकावर चढवला, पुन्हा काढला. मुलगी पेन धरून थांबली. तिच्या कपाळावर घाम होता. त्या बाराव्या महिन्याचा असेल, नाहीतर रोलरच्या धगीचा. तिने दोनदा चेहरा पुसला होता. बंद मशीनशेजारी बसून वीस मिनिटंही झाली नव्हती.

ताईने मान वर करून फळा पाहिला. त्या दिवसाची नावं तशीच होती, दिवस बदलला तरी नावं बदलायची गरज कोणाला पडली नव्हती. आठ ते दहा, जुना पहारेकरी, तो वर्षभर अंथरुणावर आहे. दहा ते बारा, धुलाईवाले काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बारा ते दोन, सेक्रेटरी. दोन ते चार, ती स्वतः. सुंदर अक्षर होतं. तिचंच होतं.

तिने सेक्रेटरीकडे पाहिलं. त्याने नजर जमिनीवर टाकली आणि तिथेच ठेवली.

"मावशी," मुलगी म्हणाली, "मला काहीतरी लिहायलाच लागेल. आजार आहे की नाही?"

ताई खुर्चीवरून उठली. उठताना दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले, भाजलेल्या हातानेही. मुलीची नजर त्या हातावर गेली आणि तिथून हलली नाही. ताईच्या ते ध्यानातही आलं नाही. ती घडीच्या टेबलाकडे चालत गेली.

"नवे."

नवीने मान जेमतेम हलवली. नको, अशी. चेहरा पांढरा पडला होता. ओठांवर शब्द दिसत होता, ऑपरेशन, पण आवाज नव्हता.

ताईला तो शब्द दिसला. दिसूनही ती थांबली नाही. या बाईला तिने सात वर्षांत कामं सांगितली होती, उपदेश केला होता, मेळाव्यांतून आणलेली पत्रकं वाचून दाखवली होती. हा एक प्रश्न मात्र कधी विचारला नव्हता. आणि आता तो घशातून खाली जाईना.

"त्या दिवशी तू कितीला उभी राहिलीस?"

"ताई, बसा तुम्ही," सेक्रेटरी मागून म्हणाला. "ताई, बसा ना."

"तू गप रे." ती वळली नाही. तिने पट्टी बांधलेला हात टेबलावर, चादरींच्या ढिगाशेजारी ठेवला. "मी तुला विचारतेय. आठला? पहिल्या नावापासून? आणि त्या एका दिवशीच, की रोज? माझ्याकडे बघ, नवे. किती तास? सांग मला."